कॉन्व्हेंटमध्ये बायबलचा तास सगळ्यांनाच सक्तीचा असतो का?

'मिशनरी शाळेत घातलं की पोराला बायबलच्या तासाला बसावंच लागतं.' प्रवेशाच्या दिवसांत हे हमखास ऐकू येतं. ते खरं नाही.

राज्यघटनेचं कलम 28(3) नीट वाचा. सरकारी मान्यता किंवा अनुदान असलेल्या शाळेत संमतीशिवाय कुणालाही धार्मिक शिक्षणाला वा उपासनेला बसवता येत नाही. मूल अल्पवयीन असेल, तर पालकांची संमती लागते. कलम 30 अल्पसंख्याकांना शाळा चालवण्याचा हक्क देतं, पण म्हणून हे संरक्षण संपत नाही. अनेक शाळांत कॅथलिक मुलं कॅटेकिझमला, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या तासाला जातात, त्याच वेळी बाकीच्यांचा मॉरल सायन्सचा, म्हणजे नीतिमूल्यांचा तास असतो. या दोन तासांची गल्लत होते, आणि अफवेचं मूळ बहुधा तिथंच आहे.

बाकी विषय बोर्डाचेच. मराठी तर 2020च्या कायद्याने सक्तीची.

तरीही प्रवेश अर्जावर सही करण्याआधी त्यातला संमतीचा मजकूर वाचा. धार्मिक शिक्षण नको असेल, तर तसं लेखी द्या आणि पोच घ्या.