आठवड्याचं इंजेक्शन म्हणजे इन्सुलिन नाही

आमच्या घरात दोन्ही प्रकार आहेत. बाबांना इन्सुलिन घेऊन ११ वर्षं झाली, सकाळी एकदा आणि रात्री जेवायच्या आधी एकदा, आणि मामांना मागच्या वर्षी डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन चालू केलं. गणपतीत मामा सांगलीहून आमच्याकडे आले तेव्हा फ्रीजमध्ये दोघांची पेनं एकाच डब्यात होती आणि मामा येईल त्याला सांगत होते की मलापण इन्सुलिन लागलं, पण माझं भारीतलं आहे, आठवड्याला एकच टोचायचं. ते ऐकून बाबा मला हळूच म्हणाले, मग माझं पण तेच करून घेऊया की, रोज दोनदा टोचायचा वैताग तरी जाईल.

हा प्रश्न मी त्यानंतर इतक्या जणांकडून ऐकलाय की एकदा नीट लिहून काढावं म्हटलं. कारण दोन्ही पेनं दिसायला सारखी, दोन्ही पोटाला टोचायची, दोन्ही फ्रीजमध्ये ठेवायची, दोन्ही शुगरसाठीच, आणि तरी आतलं औषध पूर्ण वेगळं आहे आणि एकाचे नियम दुसऱ्याला लावले तर खरंच जिवावर बेतू शकतं.

इन्सुलिन हे आपल्या स्वादुपिंडात तयार होणारं हार्मोन. ते कमी पडलं की बाहेरून भरायचं, एवढा सरळ हिशोब. आठवड्याच्या इंजेक्शनात, म्हणजे सेमाग्लुटाइड, डुलाग्लुटाइड, टिर्झेपाटाइड यांच्यात, इन्सुलिनचा थेंबही नसतो. आपण जेवलो की आतड्यातून जीएलपी-१ नावाचं हार्मोन सुटतं, त्याची नक्कल ही औषधं करतात (टिर्झेपाटाइड त्याच्या जोडीला जीआयपी नावाच्या दुसऱ्या हार्मोनचीही करतं). हे हार्मोन स्वादुपिंडाला सांगतं की शुगर वाढतेय, इन्सुलिन सोड, लिव्हरमधून उगाच साखर बाहेर पडू देत नाही, पोट हळू रिकामं करतं आणि मेंदूला पोट भरल्याचा निरोप देतं. आपलं स्वतःचं जीएलपी-१ रक्तात दोनेक मिनिटंच टिकतं, औषधात त्याची रचना बदललीय म्हणून सेमाग्लुटाइड निम्मं व्हायला साधारण ७ दिवस लागतात आणि बाकी दोघांना ५ दिवस. आठवड्यातून एकदा घ्यायचं ते यामुळे, ते इन्सुलिनपेक्षा सात पट स्ट्राँग आहे म्हणून नाही.

बाबांना मी विहिरीचं उदाहरण दिलं, ते गावचे असल्यामुळे त्यांना लगेच पटलं. विहिरीत पाणी आहे पण वर येत नाही, तर मोटर बसवा, म्हणजे आठवड्याचं इंजेक्शन. विहीरच आटली असेल तर कितीही चांगली मोटर बसवली तरी काय उपयोग, तिथे टँकरच लागणार, म्हणजे इन्सुलिन. टाईप वनवाल्यांची विहीर आटलेलीच असते, त्यांनी इन्सुलिन सोडून हे घेणं म्हणजे सरळ आयसीयूची वाट. टाईप टूमध्ये बहुतेकांच्या विहिरीत थोडंफार पाणी असतं, पण डायबेटिस १५-२० वर्षं जुना असेल तर ते किती उरलंय हे डॉक्टरांनीच बघायचं, त्यासाठी सी-पेप्टाइड नावाची रक्ताची तपासणी असते. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने २०१९ मध्ये या विषयावर डॉक्टरांना सावध केलं होतं, कारण जीएलपी-१ चालू करताना इन्सुलिन घाईने कमी केलेल्या किंवा बंद केलेल्या पेशंटांमध्ये कीटोअॅसिडोसिसच्या (इन्सुलिन कमी पडून रक्तात आम्ल साठतं आणि जिवावर बेतू शकतं, त्या अवस्थेच्या) केसेस दिसल्या होत्या. म्हणून नवीन पेन मिळालं म्हणून जुनं इन्सुलिन आपल्या मनाने बंद करायचं नाही, एक दिवसही नाही.

आता शुगर डाऊन होण्याबद्दल, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. इन्सुलिनला आपण जेवलोय की नाही हे कळत नाही, टोचलं की ते शुगर खाली आणणारच, म्हणून इन्सुलिन घेऊन जेवण चुकवलं की घाम, थरथर, चक्कर. आठवड्याचं इंजेक्शन रक्तात साखर जास्त असेल तेव्हाच स्वादुपिंडाला ढोसतं, त्यामुळे एकट्याने किंवा नुसत्या मेटफॉर्मिनच्या गोळीबरोबर घेतलं तर शुगर डाऊन व्हायची शक्यता खूप कमी. हे एवढंच ऐकून लोक निर्धास्त होतात, पण आपल्याकडे किती जण नुसत्या मेटफॉर्मिनवर आहेत? बऱ्याच जणांच्या गोळीत ग्लिमेपिराइड असतं, आणि ते शुगर किती आहे हे न बघता इन्सुलिन सोडायला लावतं.

मामांचं हेच झालं. डॉक्टरांनी आठवड्याचं चालू करताना ग्लिमेपिराइडची गोळी अर्धी करायला सांगितली होती, पण मामांनी घरात उरलेल्या जुन्या पट्ट्या संपवू म्हणून पूर्ण गोळी चालू ठेवली. भूक तर मेलेली, दोन भाकरी खाणारा माणूस अर्धीवर आलेला, आणि त्यात आली आषाढी एकादशी. दिवसभरात चार घास साबुदाणा आणि रात्री नुसतं दूध. पहाटे मामी उठल्या तर मामा घामाने ओले आणि बोलणं असंबद्ध, मीटरवर ५४. नशीब गिळता येत होतं, मामींनी साखरेचं पाणी पाजलं. हे प्रत्येक घरात माहीत हवं, ७० च्या खाली गेलं तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यायची, १५ मिनिटांनी परत मोजायचं, अजून कमीच असेल तर परत द्यायची, आणि माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही न घालता सरळ हॉस्पिटल गाठायचं. उपास करायचाच असेल तर आधी डॉक्टरांना विचारून त्या दिवशीच्या गोळ्या आणि इन्सुलिनचं ठरवून घ्या, देव रागावत नाही.

डोसची गोष्टपण तशीच. इन्सुलिन युनिटमध्ये मोजतात, आमच्याकडे पॉईंट म्हणतात, आणि ते शुगर बघून दोन पॉईंट कमी जास्त करता येतं, कसं करायचं हे डॉक्टर शिकवतात. आठवड्याचं एमजीमध्ये असतं आणि ते आजची शुगर बघून बदलायचं नसतं. सेमाग्लुटाइड ०.२५ एमजीने चालू होतं, टिर्झेपाटाइड २.५ ने, आणि पहिले चार आठवडे तोच डोस. हा डोस शुगर उतरवायला नसतोच मुळात, पोटाला सवय व्हावी म्हणून असतो. दोन आठवड्यांनी मोजून काहीच फरक नाही म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्या. आणि कुणाच्या लग्नात जेवून शुगर ३०० आली म्हणून एक जास्तीचं टोचून घेऊ असं अजिबात करायचं नाही, कारण इन्सुलिनचा जास्तीचा डोस काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत उतरतो पण हे आत आठवड्याहूनही जास्त राहतं आणि उलट्या होऊन होऊन माणूस सलाईनवर जातो.

सिरिंजबद्दल जरा थांबून सांगते. २०२५ च्या मार्चमध्ये मौंजारो, म्हणजे टिर्झेपाटाइडच, भारतात आलं ते आधी छोट्या बाटलीत आलं, अर्धा एमएल औषध, एका वेळेला पूर्ण घ्यायचं. आता घरात सिरिंज कुठली, तर इन्सुलिनची. पण आपल्याकडे साध्या इन्सुलिनच्या बाटल्या एका एमएलला ४० युनिटच्या असतात आणि त्यांची सिरिंज लाल टोपणाची, आणि दुसरी १०० युनिटवाली नारिंगी टोपणाची. अर्धा एमएल म्हणजे लाल सिरिंजवर २० ची खूण आणि नारिंगीवर ५० ची. कुणी फोनवर सांगितलं ५० पर्यंत भर आणि हातात लाल सिरिंज असेल तर ती ४० लाच संपते, मग माणूस दुसऱ्या बाटलीतलं काढायला जातो! अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेनेही (एफडीए) २०२४ मध्ये सेमाग्लुटाइडच्या बाबतीत इशारा दिला होता की एमजी, एमएल आणि युनिट यांची गल्लत होऊन काहींनी कितीतरी पट जास्त औषध घेतलं. त्यामुळे बाटली असेल तर पहिल्यांदा डॉक्टरांकडे किंवा सिस्टरकडून सिरिंजवर पेनने खूण करून घ्या. आणि इन्सुलिन आणि हे औषध एका सिरिंजमध्ये कधीच मिसळायचं नाही, दोन्ही पोटालाच घ्यायची असतील तर जागा लांब लांब ठेवायच्या.

पेनातही फरक आहे. इन्सुलिनच्या पेनातून दर वेळी दोन युनिट हवेत सोडून बघायचे असतात, बाबा गेली कित्येक वर्षं तसंच करतात. ओझेंपिकच्या, म्हणजे सेमाग्लुटाइडच्या, पेनात मात्र नवीन पेन उघडलं की पहिल्यांदाच तपासायचं, दर आठवड्याला सोडत बसलात तर शेवटचा डोस कमी पडणार. प्रत्येक कंपनीचं पेन वेगळं असतं आणि सेमाग्लुटाइडचं भारतातलं मुख्य पेटंट मार्च २०२६ पर्यंतचंच, त्यानंतर त्याची पेनं एकाच कंपनीची नाहीत, त्यामुळे शेजाऱ्याच्या पेनाचे नियम आपल्या पेनाला लावू नका, आतला कागद वाचा. सुई दर वेळी नवी, आणि सुई बदलली तरी दुसऱ्याचं पेन वापरायचं नाही, नवरा-बायको असले तरी.

डोस विसरला तर? इन्सुलिन विसरलं की त्याच दिवशी शुगर सांगते. आठवड्याचं विसरलं तर कळतही नाही. सेमाग्लुटाइडला ५ दिवसांच्या आत आठवलं तर घ्या, टिर्झेपाटाइडला ४ दिवसांच्या आत, त्यापुढे गेलं तर तो डोस सोडून द्या आणि ठरलेल्या वारीच पुढचं घ्या, दोन एकदम कधीच नाही. मामी रविवारच्या चौकटीत कालनिर्णयवर लाल टिक करतात, मला तरी फोनच्या अलार्मपेक्षा हेच बरं वाटतं कारण टिक दिसली नाही की घरातलं कोणीही विचारतं.

ठेवायचं कुठे हे दोघांचं जवळपास सारखं, २ ते ८ डिग्री, फ्रीजरमध्ये नाही, एकदा गोठलं की फेकायचं. उघडलेलं इन्सुलिन साधारण २८ दिवस, ओझेंपिकचं पेन वापरायला काढल्यावर ५६ दिवस, पण तेही ३० डिग्रीच्या आत. एप्रिल-मेमध्ये नागपूर-अकोल्याला घरात ३० डिग्री कुठून आणणार, त्यामुळे बाहेर ठेवता येतं हे वाक्य आपल्या उन्हाळ्याला लागू नाही, प्रवासातही बर्फाला न चिकटवता गार पिशवीतून न्या.

त्रासाच्या बाबतीत मात्र दोन्ही अगदी उलट. इन्सुलिनने वजन वाढतं, याने उतरतं. इन्सुलिनने पोट बिघडत नाही, याने मळमळ, ढेकरा, जुलाब नाहीतर बद्धकोष्ठ, विशेषतः डोस वाढवल्यावर. थोडं थोडं खाल्लं, तेलकट टाळलं, पोट भरल्यासारखं वाटलं की ताटावरून उठलं, तर बहुतेकांचं हळूहळू बसतं. पण पोटात वरच्या बाजूला जोरात दुखून पाठीत कळ जात असेल, थांबतच नसेल, तर अॅसिडिटी म्हणून घरी बसू नका, स्वादुपिंडाला सूज असू शकते. उलट्या-जुलाब होऊन पाणीही टिकत नसेल तर किडनीला त्रास होतो, तेव्हाही लगेच दाखवा. घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी कॅन्सर झालाय, स्वतःला आधी स्वादुपिंडाला सूज आलीय, मूल होण्याचा विचार चाललाय, ऑपरेशनची तारीख ठरलीय, हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपण सांगायचं. टिर्झेपाटाइडवर असताना गर्भनिरोधक गोळ्यांचा असर कमी होऊ शकतो, हे बायकांना बरेचदा कोणी सांगतच नाही. आणि सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन यातली गोळी आधीपासून चालू असेल तर विचारा, ती त्याच जीएलपी-१ च्या वाटेने काम करते, दोन्ही एकत्र घेऊन जास्तीचा फायदा काही नाही, नुसता खर्च.

अजून एक गोंधळ होणार आहे. आठवड्यातून एकदा घ्यायचं खरंखुरं इन्सुलिनसुद्धा निघालंय, इन्सुलिन आयकोडेक, युरोपात त्याला २०२४ मध्ये मान्यता मिळाली. त्यामुळे आठवड्याचं इंजेक्शन एवढंच सांगून भागणार नाही, अॅडमिट व्हायची वेळ आली तर कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांना औषधाचं नाव, डोस आणि शेवटचं कोणत्या वारी घेतलं हे सांगता आलं पाहिजे. मामांनी आता ते चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवलंय.

आणि बाबांचं काय झालं, तर आम्ही गणपतीनंतर त्यांच्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी सी-पेप्टाइड करायला लावलं, विहिरीत थोडं पाणी निघालं, म्हणाले इन्सुलिन चालूच ठेवून सोबत आठवड्याचं देऊन बघता येईल, मग हळूहळू इन्सुलिनचे पॉईंट किती उतरतात ते बघू. पण आधी डोळ्यांचा पडदा तपासून या, कारण पडद्यावर डायबेटिसचा परिणाम आधीच झालेला असेल आणि शुगर एकदम खाली आली तर तो त्रास काही जणांत वाढतो. बाबांनी तीन वर्षं डोळे तपासलेच नव्हते. मंगळवारची वेळ घेतलीय, बाहुल्या मोठ्या करायचं औषध घालतात म्हणून सोबत मी जातेय, आणि तोपर्यंत सकाळ-रात्रीचं इन्सुलिन आहे तसंच चालू आहे.