अवघड खोली आणि फसलेली खोली

एस्केप रूममधून, म्हणजे कोडी सोडवत ठरलेल्या वेळात सुटका करून घ्यायच्या खेळाच्या खोलीतून, वेळेत बाहेर पडता आले नाही की ‘फार अवघड होते बुवा’ असा शेरा मारून लोक मोकळे होतात, आणि मालकही तो कौतुकाचा समजून भिंतीवर लावतात. पुष्कळदा ती खोली अवघड नसतेच. ती नीट रचलेली नसते. 2007 साली क्योटोमध्ये ताकाओ काटो यांनी हा खेळ सुरू केला, त्याला आता बराच काळ लोटला. एवढ्यात हा फरक तरी आपल्या अंगवळणी पडायला हवा होता.

अवघड कोडे म्हणजे काय, हे सुडोकू सोडवणाऱ्याला सांगायला नको. घोळ होतो तो दुसऱ्या प्रकारात.

साहसी खेळांत हमखास आढळणारी इजिप्शियन थडग्याची खोली घ्या. फडताळावर चार बरण्या असून त्यांच्या झाकणांवर माणूस, बबून, कोल्हा आणि ससाणा यांची तोंडे आहेत. ममी करताना काढलेले अवयव प्राचीन इजिप्तमध्ये अशा बरण्यांत ठेवत: यकृत माणसाच्या, फुप्फुसे बबूनच्या, जठर कोल्ह्याच्या आणि आतडी ससाण्याच्या. प्रत्येक बरणीच्या बुडाशी एक आकडा आहे आणि कुलपावर अवयवांची चित्रे ओळीने कोरलेली आहेत. कोणता अवयव कोणाचा, हे दाखवणारे भित्तिचित्र खोलीत कुठेतरी असेल, मग ते पुसट असो, दोन तुकड्यांत विभागलेले असो किंवा केवळ आरशातच नीट दिसणारे असो, तर कोडे अवघड पण चोख आहे. ते चित्रच नसेल, तर रचनाकाराने आपल्याकडून इजिप्तच्या इतिहासाची परीक्षा घेतली आहे. मग कोणीतरी वैतागून चार आकड्यांचे 24 क्रम एकामागून एक फिरवत बसतो. कुलूप उघडते, कोडे मात्र कोणीच सोडवलेले नसते.

कुलपाचे मौन याहूनही वाईट. योग्य आकडे लावूनही जुने कुलूप जोर लावल्याशिवाय उघडत नसेल, तर खेळाडू आपले बरोबर उत्तर चूक समजून टाकून देतात आणि उरलेला वेळ भलत्याच वाटेने जातात. चुंबकीय कुलूप मागच्या बाजूला आवाज न करता उघडत असेल, तर तेथे दिवा लागलाच पाहिजे, यात मी तडजोड मानत नाही.

सजावट, धूर आणि ढोलांचे ध्वनिमुद्रण यांवर लोक उगाच वाद घालतात. थर्माकोलच्या दगडांनी कोणाचाही खेळ बिघडत नाही. मुद्दाम पेरलेले खोटे धागेही मला खपतात, फक्त ते लवकर खोटे ठरवता आले पाहिजेत.

खोली कोणत्या प्रकारची आहे, हे मदत मागितल्यावर लगेच कळते. चोख खोलीत कॅमेऱ्यातून पाहणारा गेममास्टर ‘डावीकडच्या भिंतीकडे पुन्हा बघा’ एवढेच सांगतो. फसलेल्या खोलीत त्याला थेट आकडेच सांगावे लागतात, कारण बोट दाखवायला तेथे काही नसते.