पान मोठं करणं वेगळं, अक्षर मोठं करणं वेगळं

"कॉम्प्युटरवर अक्षरं फार बारीक दिसतात," असं कुणी म्हटलं की ठरलेलं उत्तर येतं: कंट्रोल धरून अधिकचं बटण दाबा. मला या उत्तराचा खरंच वैताग आलाय. त्या बटणाने पान मोठं होतं. विचारणाऱ्याला अक्षर मोठं हवं असतं.

झूम सगळ्यांना येतो. कंट्रोल-शून्य दाबलं की पान पूर्ववत होतं, हेही बहुतेकांना ठाऊक असतं. पण झूम केल्यावर पानाची मांडणी का बदलते, तिथे घोळ होतो. १३६६ पिक्सेल रुंदीच्या लॅपटॉपवर २०० टक्के झूम केला, की पानाच्या हिशेबी रुंदी उरते ६८३. एवढ्या अरुंद जागेत बऱ्याच साइट मोबाइलची मांडणी लावतात. माझे वडील रोज पेपर वाचतात त्या साइटवर हेच झालं. "अगं, ती डावीकडची यादी गेली कुठे?" यादी कोपऱ्यातल्या तीन आडव्या रेघांमागे गेली होती. वडिलांना वाटलं, आपणच काहीतरी बिघडवलं.

नुसतं अक्षर वाढवलं तर पानाची रुंदी तीच राहते, यादी जागेवर राहते, मजकूर तेवढा मोठा होतो. फायरफॉक्स ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये झूमच्या खालीच 'झूम टेक्स्ट ओन्ली' आहे, तिथे खूण करायची. मॅकवर सफारीत ऑप्शन, कमांड आणि अधिक एकदम दाबायचं. कॉम्प्युटरवरच्या क्रोममध्ये मात्र अशी सोयच नाही, आणि इतक्या वापरातल्या ब्राउझरमध्ये ती नसावी हे मला पटत नाही.

"क्रोममध्ये फॉन्ट साइज आहे की!" आहे, पण ती साइज म्हणजे साइटने स्वतः काही ठरवलं नसेल तर वापरायचं माप. ते मुळात १६ पिक्सेल असतं, 'लार्ज' केलं की २०. साइटने १४ पिक्सेल असं ठोकून लिहिलं असेल, तर तुमच्या २० ला कुणी विचारत नाही. त्याखालची किमान साइज अशा अक्षरांनाही लागू होते, पण ती फक्त बारीक अक्षरं वर उचलते. मग मजकूर आणि छोटी शीर्षकं एकाच मापाची दिसायला लागतात.

म्हणून वडिलांच्या लॅपटॉपवर मी फायरफॉक्स टाकला, ती खूण केली आणि नेहमीचा झूम १५० टक्क्यांवर ठेवला. अडचण एकाच प्रकारच्या साइटवर येते: ओळीची उंचीही पिक्सेलमध्ये बांधलेली असेल, तर अक्षर वाढतं आणि ओळ तेवढीच राहते. इंग्रजी मजकूर त्यात कसाबसा निभावतो. मराठीत वरच्या ओळीतल्या 'कर्तृत्व'चा ऋकार खालच्या ओळीतल्या वेलांटीवर चढतो. अशी साइट वाचताना ती खूण तात्पुरती काढायची आणि पूर्ण पान मोठं करायचं.