तुरुंगाच्या दारात तुटणारा औषधोपचार

बेळगावहून सीमेपलीकडे महाराष्ट्रातल्या शिनोळीकडे जाताना हिंडलग्याचे मध्यवर्ती कारागृह लागते. तुरुंगात क्षय पसरतो तो कोंदट हवेमुळे, एवढेच बहुतेकांना ठाऊक असते. ते खोटे नाही. २०२२ अखेर देशातील तुरुंगांत दर शंभर जागांमागे १३१ कैदी होते. पण प्रश्न हवेइतकाच कारभाराचाही आहे.

उपचार मध्येच तुटला की काय होते, हे कळण्यासाठी जंतूंचा हिशेब पाहावा लागतो. क्षयाच्या साधारण दहा लाख जंतूंमागे एक आयसोनियाझिड या औषधाला, तर दहा कोटींमागे एक रिफाम्पिसिन या दुसऱ्या औषधाला मुळातच दाद देत नाही. फुफ्फुसातील एका पोकळीत दहा कोटी जंतू सहज असतात. म्हणजे एकच औषध दिले, तर त्याला पुरून उरणारे आधीच आत हजर. दोन्हींना न जुमानणारा मात्र एकावर चौदा शून्ये इतक्यांत एखादा. म्हणून पहिले दोन महिने चार आणि पुढचे चार महिने तीन औषधे रोज देतात. गोळ्या कधी घेतल्या, कधी चुकवल्या, की निबर जंतूंना मोकळे रान मिळते. खोकला थांबताच गोळ्या सोडून अंगाऱ्यावर भिस्त ठेवणाऱ्यांना हा हिशेब कोणी सांगत नाही.

आता समजा, शिनोळीचा एक कच्चा कैदी उपचाराच्या तिसऱ्या महिन्यात आहे. देशातील चार कैद्यांपैकी तीन कच्चेच असतात आणि ते कधी सुटतील हे डॉक्टरला आधी कळत नाही. जामिनाचा कागद संध्याकाळी येतो, तेव्हा गोळ्यांचे पाकीट कपाटात आणि किल्ली घरी गेलेल्या कंपाउंडरच्या खिशात असते. माणूस तासाभरात दुसऱ्या राज्यात पोहोचतो. 'निक्षय' या क्षयरुग्णांच्या देशव्यापी नोंदीत त्याचे नाव चंदगड या त्याच्या तालुक्याकडे वर्ग करता येते. पण ते कोणी करायचे हे ठरलेले नसेल, तर ते राहूनच जाते.

१८९४ च्या तुरुंग कायद्याने वैद्यकीय अधिकाऱ्याला अधीक्षकाच्या नियंत्रणाखाली ठेवले. उलट, संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या मंडेला नियमांनुसार वैद्यकीय निर्णय तुरुंगाच्या बिगरवैद्यकीय कर्मचाऱ्यांना फिरवता येत नाही. नॉर्वेने १९८८ मध्ये आणि इंग्लंडने २००६ मध्ये कैद्यांचे आरोग्य सार्वजनिक आरोग्यसेवेकडे सोपवले. आपल्याकडे तुरुंग गृहखात्याच्या अखत्यारीत असल्यामुळे, रुग्णाला बाहेरच्या इस्पितळात नेण्याचा दिवसही पुष्कळदा बंदोबस्ताचे पोलीस मिळण्यावर ठरतो. त्या मानाने सुटकेच्या नोंदवहीत डॉक्टरच्या सहीचा एक रकाना आखणे आणि दारातच महिनाभराच्या गोळ्या हाती देणे, याला खाते बदलावे लागत नाही.