तापमानाचे मापक्रम

तापमान अंकांत मांडण्याच्या पद्धती. सेल्सिअस, फॅरनहाइट व केल्विन हे तीन मापक्रम आज प्रचलित आहेत. तिघांचेही शून्य वेगवेगळ्या ठिकाणी आहे. सेल्सिअसचा अंश आणि केल्विन आकाराने सारखे, तर फॅरनहाइटचा अंश त्यांहून लहान.

महाराष्ट्रात दोन मापक्रम एकाच घरात नांदतात. ‘पारा ४३ अंशांवर’ ही बातमी सेल्सिअसमधली, आणि ‘पोराला १०२ ताप आहे’ हे फॅरनहाइटमधले. एकक कोणी उच्चारत नाही, तरी कुणाचा गोंधळ होत नाही.

डॅनिएल गॅब्रिएल फॅरनहाइट यांनी १७२४ मध्ये बर्फ, पाणी आणि नवसागर यांच्या मिश्रणाला ०, बर्फ-पाण्याला ३२ आणि शरीराच्या उष्णतेला ९६ धरले. पुढे पाण्याचा उकळबिंदू २१२ ठरला, म्हणजे गोठण्यापासून उकळण्यापर्यंत १८० अंश. अँडर्स सेल्सिअस यांनी १७४२ मध्ये याच अंतराचे १०० भाग केले. मात्र त्यांच्या मापक्रमात उकळते पाणी ० वर आणि गोठणारे १०० वर होते! आजचा क्रम नंतरचा. १८० आणि १०० यांच्या गुणोत्तरातून सूत्र मिळते:

फॅ = (से × ९/५) + ३२

यातले ३२ केवळ शून्याची जागा जुळवण्यासाठी आहेत, आणि नेमकी इथेच चूक होते. रात्रीतून पारा ५ अंश सेल्सिअसने उतरला, तर ती घट ९ अंश फॅरनहाइटची असते, ४१ ची नव्हे. फरकाचे रूपांतर करताना ३२ मिळवायचे नसतात. उणे ४० ला दोन्ही मापक्रमांवर एकच आकडा येतो.

ताप मोजताना प्रमाण मानले जाणारे ९८.६ हेही रूपांतरच. मूळ आकडा ३७ सेल्सिअस, तोही सरासरीचा; ९८.६ मधल्या दशांशामुळे उगाच काटेकोरपणाचा भास होतो.

४० अंश सेल्सिअस हे २० च्या दुप्पट तापमान नाही. अशी तुलना निरपेक्ष शून्यापासून, म्हणजे ज्याहून कमी तापमान असूच शकत नाही त्या उणे २७३.१५ अंश सेल्सिअसपासून मोजणाऱ्या केल्विनमध्येच करता येते: ३१३.१५ आणि २९३.१५, फरक जेमतेम सात टक्क्यांचा. विल्यम थॉमसन, म्हणजेच लॉर्ड केल्विन, यांनी निरपेक्ष मापक्रमाची कल्पना १८४८ मध्ये मांडली. १९६७ पासून या एककापुढे ‘अंश’ लावत नाहीत. आधी त्याची व्याख्या पाण्याच्या त्रिक बिंदूवर (बर्फ, पाणी आणि वाफ एकत्र समतोलात असतात ते तापमान, २७३.१६ केल्विन) आधारलेली होती; २० मे २०१९ पासून ती बोल्ट्झमन स्थिरांकावर, म्हणजे तापमान आणि कणांची ऊर्जा यांना जोडणाऱ्या ठरावीक आकड्यावर आहे.