ओमिक्रॉन म्हणजे ऱ्हस्व ओ! ग्रीक अक्षरांची पार्श्वभूमी

२०२१ च्या नोव्हेंबरात कोरोनाच्या नव्या व्हेरिएंटला ओमिक्रॉन नाव मिळालं आणि तो शब्द घरोघरी पोचला. नावाचा अर्थ मात्र अगदी साधा आहे, ओमिक्रॉन म्हणजे 'छोटा ओ' आणि ओमेगा म्हणजे 'मोठा ओ', आपल्या भाषेत ऱ्हस्व आणि दीर्घ. अल्फा, बीटा यांना मात्र ग्रीकमध्ये काही अर्थच नाही, कारण ते शब्द मुळात ग्रीक नाहीतच.

ही अक्षरं येण्याआधीही ग्रीक लोक लिहायचे. क्नोसॉस, पायलॉस इथल्या प्राचीन ग्रीक राजवाड्यांत मातीच्या पाट्या सापडल्यात, त्यावरची लिपी लिनिअर बी, १९५२ साली मायकेल व्हेंट्रिस नावाच्या एका आर्किटेक्टने ती उलगडली. तिच्यात का, की, को अशी ऐंशीच्या वर चिन्हं होती आणि लिहिलेलं काय, तर मेंढ्या किती, तेल किती, कुणाला किती दिलं, थोडक्यात कारकुनी. इ.स.पू. १२०० च्या सुमाराला राजवाडे पडले, कारकून गेले, लिपीही गेली, आणि मग चारेकशे वर्षं ग्रीसमध्ये लिखाणाचा जवळजवळ मागमूस नाही.

मग आले फिनिशियन, आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावरचे दर्यावर्दी व्यापारी. त्यांची लिपी सुटसुटीत, फक्त २२ अक्षरं, उजवीकडून डावीकडे लिहायची आणि सगळी व्यंजनं. अक्षराचं नाव म्हणजे एखादी वस्तू: आलेफ म्हणजे बैल, बेथ म्हणजे घर, दालेथ म्हणजे दार, त्यांचेच पुढे अल्फा, बीटा, डेल्टा झाले. इंग्रजी कॅपिटल ए उलटा करून बघा, बैलाचं तोंड आणि दोन शिंगं दिसतात की नाही! ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने ही अक्षरं कॅडमस नावाच्या फिनिशियनाने आणली असं लिहून ठेवलंय, कॅडमस दंतकथेतलाच पण ग्रीक स्वतःच यांना 'फिनिशियन अक्षरं' म्हणायचे, म्हणजे उसनवारी लपवलेली नाही.

आता खरी गंमत. फिनिशियन भाषेत घशातून काढायचे काही आवाज होते जे ग्रीकांच्या तोंडी नव्हतेच, त्यामुळे त्यांची अक्षरं रिकामी पडली, आणि ग्रीक भाषेला तर स्वरांवाचून चालेना. मग आलेफचा झाला आ, आयिन म्हणजे डोळा, त्या गोल डोळ्याचा झाला ओ. आपल्याकडे स्वर व्यंजनाला मात्रा होऊन चिकटतो, ग्रीकांनी त्याला व्यंजनाच्या शेजारी बरोबरीचं अक्षर करून बसवलं. माझ्या मते सगळ्या गोष्टीतला मोठा शोध हाच, बाकी उसनंच होतं. सुरुवातीला ऱ्हस्व-दीर्घ ओ दोन्ही एकाच अक्षराने लिहायचे, मोडीत कसा ऱ्हस्व-दीर्घ भेद नसतो तसंच. मग आयोनियातल्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ग्रीक लोकांनी ओ चं वर्तुळ खाली उघडलं आणि दीर्घ ओ वेगळा केला, तोच ओमेगा.

सगळ्यात जुने लेख इ.स.पू. आठव्या शतकातले, आणि त्यात कारकुनी नाही! अथेन्सला १८७१ मध्ये सापडलेल्या एका सुरईवर लिहिलंय की जो सगळ्यात छान नाचेल त्याला ही मिळेल. इटलीजवळच्या इस्किया बेटावरच्या पेल्यावर, यातून पिणाऱ्याला प्रेमाची ओढ लागेल अशी थट्टा आहे. दोन्ही उजवीकडून डावीकडे लिहिलेले. पुढे काही काळ एक ओळ इकडून आणि दुसरी तिकडून असं लिहायचे, शेत नांगरताना बैल एक ओळ संपली की वळून दुसरी धरतो ना तसं, आणि त्या पद्धतीचं ग्रीक नावही 'बैलाच्या वळणासारखं' असंच आहे. क्रीटमधल्या गॉर्टिनचा भिंतीवर कोरलेला कायदा असाच लिहिलाय.

गावोगावी अक्षरं मात्र वेगळी. इंग्रजी एच सारखं अक्षर काही ठिकाणी 'ह', तर आयोनियात दीर्घ ए. अथेन्सने इ.स.पू. ४०३ च्या सुमाराला आयोनियाची २४ अक्षरी लिपी अधिकृत केली आणि हळूहळू सगळीकडे तीच चालू झाली. इटलीत गेलेल्या ग्रीकांकडे मात्र जुना 'ह' होता, तो एट्रुस्कन या इटलीतल्या जुन्या लोकांमार्फत रोमनांकडे गेला, म्हणून इंग्रजीत एच आजही ह आहे. ग्रीक आकडेही अक्षरांनीच लिहायचे, त्यामुळे लिपीतून बाद झालेली तीन अक्षरं ६, ९० आणि ९०० हे आकडे लिहायला मात्र राहिली. लहान लिपी, म्हणजे स्मॉल लेटर्स, फार उशिरा आली, इसवी सनाच्या नवव्या शतकात.

ही ग्रीक अक्षरं आपल्याकडेही पोचली होती, त्याचा पुरावा नाशिकचा. १९०६ साली जोगलटेंभीला क्षत्रप नहपान या शक राजाची १३ हजारांवर चांदीची नाणी सापडली, त्यातल्या बऱ्याचशांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला. नहपानाच्या नाण्यावर त्याचं नाव ब्राह्मी, खरोष्ठी आणि ग्रीक अशा तीन लिप्यांत आहे, ग्रीकमधली भाषा मात्र प्राकृतच. आणि त्या नावातल्या 'ह'साठी अक्षर कोणतं वापरलंय? तेच, एचसारखं, जे खुद्द ग्रीसमध्ये तोवर कधीच स्वर होऊन बसलं होतं.