विल्यम ब्लेकच्या चेहऱ्याचा प्लास्टरचा ठसा : पार्श्वभूमी

कवी आणि चित्रकार विल्यम ब्लेक यांच्या प्लास्टरमधील चेहऱ्याविषयी मराठीत लिहू लागले की पहिली अडचण शब्दाची येते. त्याला सर्रास ‘मुखवटा’ म्हटले जाते. परंतु आपल्याकडे मुखवटा एक तर सोंगासाठी चेहऱ्यावर चढवतात, नाही तर तो देवाचा असतो आणि पूजेत मांडतात. ब्लेक यांचा मुखवटा या दोन्ही अर्थांनी मुखवटा नव्हे. तो जिवंत माणसाच्या त्वचेवरून थेट उतरवलेला ठसा आहे, आणि म्हणून मला ‘ठसा’ हाच शब्द योग्य वाटतो. मिटलेल्या डोळ्यांमुळे तो मृत्यूनंतर घेतला असावा, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात तो १८२३ च्या सप्टेंबरमध्ये घेतला गेला. ब्लेक तेव्हा ६५ वर्षांचे होते आणि त्यांचे निधन १२ ऑगस्ट १८२७ रोजी झाले.

कवटीच्या उंचवट्यांवरून माणसाची बुद्धी व स्वभाव ओळखता येतो, हे मत अठराव्या शतकाच्या अखेरीस व्हिएन्नात मांडले गेले आणि पुढे ते इंग्लंडमध्ये फोफावले. लंडनमधील जेम्स डेव्हिल हा प्लास्टरकाम करणारा कारागीर याच विद्येच्या नादाने मस्तकांचे ठसे जमवीत असे. कल्पनाशक्तीचा नमुना म्हणून त्याला ब्लेक यांचे मस्तक हवे होते. ती विद्या पुढे निराधार ठरली, ठसा मात्र राहिला.

खरा वाद ओठांचा आहे. ठशातील ओठ घट्ट आवळलेले, कोपऱ्यांत खाली ओढलेले दिसतात आणि त्यावरून करारी, उग्र द्रष्ट्याची प्रतिमा रूढ झाली. ब्लेक यांच्या एका तरुण चित्रकार स्नेह्याने मात्र नोंदवून ठेवले आहे की, प्लास्टर काढताना बरेच केस उपटले गेले, ओठांवरील ताण त्या त्रासाचा आहे आणि ब्लेक यांच्या पत्नीला हा ठसा प्रथम आवडला नव्हता. हा स्नेही त्यांना १८२५ मध्ये भेटला, म्हणजे तो प्रत्यक्षदर्शी नव्हता, हा आक्षेप रास्त आहे. तरीही जिने चाळीस वर्षांहून अधिक काळ तो चेहरा रोज पाहिला, तिची नापसंती मला कोणत्याही अभ्यासकाच्या तर्काहून वजनदार वाटते. शिवाय प्लास्टर घट्ट होताना तापते. त्याखाली डोळे-तोंड मिटून निश्चल बसलेल्या माणसाचे ओठ सैल राहतील, अशी अपेक्षाच चुकीची आहे. १८०७ च्या तैलचित्रातील ब्लेक वर पाहतात, डोळे टपोरे व उघडे आहेत. या ठशात नेमके ते डोळेच हरवले आहेत.

एका साच्यातून अनेक प्रती निघू शकतात. आज एक प्रत लंडनमध्ये, तर एक केंब्रिजमध्ये आहे. १९५५ मध्ये चित्रकार फ्रान्सिस बेकन यांनी मुख्यतः ठशाच्या छायाचित्रांवरून चित्रांची एक मालिका केली. त्यामुळे आजच्या अनेक रसिकांना ब्लेक यांचा चेहरा काळोखातून उमटणाऱ्या, तुटक, फिकट मस्तकाच्या रूपातच आठवतो, आणि त्या चित्रांतही ओठ तसेच आवळलेले आहेत.